झेरॉक्सवरचे हिरवे गोल: सांगलीतल्या एका लेखन कार्यशाळेचं प्रकरण

तिसऱ्या रविवारी अंगणवाडीच्या ताई आल्या नाहीत. चौथ्या रविवारीही नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "मॅडम, सर्वेचं काम लागलंय, बघू पुढं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडून समजूत तरी घालता आली असती.

दुसऱ्या रविवारी त्यांनी लिहिलेल्या एका पानाच्या झेरॉक्स आम्ही सगळ्यांना वाटल्या होत्या. आमच्यातले निवृत्त मराठी शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे, त्यांनी आपली प्रत तपासून ताईंच्या हातात दिली. पानभर हिरव्या शाईचे गोल. लाल पेन त्यांनी मुद्दाम टाळला होता, शाळेसारखं वाटू नये म्हणून. जाताना ताईंनी ती प्रत चार घड्या घालून टेबलावरच ठेवली. मला वाटलं, विसरल्या.

नुकतं लिहायला लागलेल्यांपासून पुस्तकं छापून झालेल्यांपर्यंत सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलं की काय घडतं, त्याचं हे प्रकरण. यातली मुख्य चूक माझी आहे, सरांची नाही. ती नेमकी कुठं झाली हे कळायलाच मला निम्मी कार्यशाळा गेली.

जागा, माणसं

गावभागातलं एक शासनमान्य ग्रंथालय, वरच्या मजल्यावरचा हॉल. खालच्या मजल्यावर कपाटांचे तळाचे दोन कप्पे 2019 च्या महापुरापासून रिकामेच आहेत. पुस्तकं वाढली तरी तिथं ठेवत नाहीत. ग्रंथपाल मॅडमचं म्हणणं, "परत पाणी आलं तर तेवढंच उचलायचं कमी."

आठ रविवार, सकाळी दहा ते साडेबारा. फी 300 रुपये, त्यात चहा, भडंग आणि झेरॉक्स. नोव्हेंबरअखेर सुरू करून संक्रांतीच्या आधी उरकायचं ठरलं, कारण संक्रांतीला औदुंबरचं साहित्य संमेलन असतं आणि आमच्यातले तिघेचौघे ते चुकवत नाहीत. शिवाय फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक सुरू झाली की पेठेतल्या माणसाला मान वर करायची सवड नसते, आणि पेठेतला एक माणूस आमच्यात होता.

फळ्यावर लिहिलं होतं, 'लिहिणाऱ्या कुणीही यावं.' 14 जण आले. सर: स्वखर्चानं काढलेले तीन कवितासंग्रह, वृत्तांवर पक्की मांड. हळदीच्या अडतीवर तीस वर्षं हिशेब लिहिणारे दिवाणजी. मोबाईलमध्ये चारोळ्या लिहिणारा इंजिनिअरिंगचा पोरगा. तासगावकडच्या द्राक्षबागायतदार काकू, ज्यांनी पंधरा वर्षं रोज डायरी लिहिली आणि नवऱ्यालाही दाखवली नाही. वाळव्याकडच्या अंगणवाडीच्या ताई. बाकीच्यांत दोन बी.एड.च्या मुली, एक निवृत्त एसटी कंडक्टर, आणि तीन असे, जे पहिल्या दिवशी आले, चहा प्यायले, परत दिसले नाहीत. असे तीन प्रत्येक कार्यशाळेत असतात. त्यांचं मनाला लावून घ्यायचं नाही.

सुरुवातीलाच ग्रंथालयाच्या एका विश्वस्तांनी सुचवलं होतं की नवोदितांची एक तुकडी करा, मुरलेल्यांची दुसरी. मी नाही म्हटलं. त्यामागं काही थोर तत्त्व नव्हतं. हॉल एकच होता आणि माझा रविवारही एकच.

फुटांची गोष्ट

पहिल्या रविवारी पुरावर लिहायला दिलं. सांगलीत लिहायला बसलेला माणूस आज ना उद्या पुरावर येतोच, तर तो विषय आधीच उरकावा, असा माझा हिशेब. पंधरा मिनिटांनी वाचायला लावलं. चौदापैकी नऊ पानांवर 'कृष्णामाई कोपली' होतं, सहांवर 'रौद्र रूप'.

मग दुसरी फेरी. अट एकच: कृष्णामाई, कोप, रौद्र, तांडव हे शब्द बंद. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर होतं तेवढं लिहायचं आणि त्या वेळी तुमच्या घरात कोण काय करत होतं ते. सांगलीबाहेरच्यांना सांगायला हवं, की 1929 साली बांधलेला हा पूल आमचं पावसाळ्यातलं घड्याळ आहे. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. त्या आठवड्यात कुणी कुणाला 'किती वाजले' विचारत नव्हतं, 'किती फूट झालं' विचारत होतं.

दुसऱ्या फेरीत पानं बदलली. चारोळीवाल्या पोरानं लिहिलं, "38 फुटांवर आईनं पिठाचा डबा माळ्यावर ठेवला. 44 वर आजोबा म्हणाले, 2005 ला आपल्या पायरीला लागून परत गेलं होतं. 48 वर आजोबा काहीच म्हणाले नाहीत." काकूंचं घर पुरापासून लांब, म्हणून त्यांनी सांगलीहून आलेल्या नणंदेनं पहिल्या रात्री किती भाकरी खाल्ल्या ते लिहिलं. सरांचं पान मात्र अर्ध्यावर थांबलं. दोन ओळी वाचून ते म्हणाले, "बंद केलेले शब्द काढले तर माझ्याकडं फारसं उरत नाही हो." सगळे हसले, तेही हसले.

कोण कुठल्या पातळीवर आहे याची उतरंड त्या दिवशी तिथंच कोसळली होती. मला ते दिसलं, आवडलंही, पण त्यातून घ्यायचं ते मी घेतलं नाही. पुढच्याच रविवारी मी पुस्तकात वाचलेली पद्धत लावली.

उसनी पद्धत

ती पद्धत बऱ्याच जणांना माहीत आहे. एकाचं लिखाण आधी सगळ्यांना वाटायचं, सगळ्यांनी त्यावर खुणा करायच्या, मग चर्चा. चर्चा चालू असताना लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 1936 पासून लेखनाचा जो अभ्यासक्रम चालतो, त्याच्यामुळं ही रीत जगभर गेली. पण तिथं येणारी मुलं आपलं लिखाण पाठवून, त्यावर निवड होऊन येतात. आपण लिहू शकतो, या गोष्टीवर त्यांच्या बाबतीत एकदा शिक्का बसलेला असतो. आमच्याकडं फळ्यावर 'कुणीही यावं' होतं. त्या शब्दावर विश्वास ठेवून आलेल्या बाईला मी सांगितलं, तुमच्या पानाबद्दल बाकीचे बोलतील, तुम्ही गप्प बसा. अंगणवाडीच्या ताईंना गप्प बसायचा सराव होता. मीटिंगमध्ये त्या तेच करतात.

त्यांचं पान वजनाच्या दिवसाबद्दल होतं. वजनकाट्याच्या झोळीत बसवलं की एक पोर दर महिन्याला किंचाळतं, आणि त्याची आई वजनाचा आकडा न विचारता आधी बाकीच्या बायकांच्या तोंडाकडं बघते. एवढंच. शेवटची ओळ होती, "आकडा मी हळू सांगते." मला ती ओळ वाचताना वाटलं होतं की आज चर्चा रंगणार. चर्चा वीस मिनिटं झाली, आणि त्यातली पंधरा 'आणि' दीर्घ की ऱ्हस्व यावर.

चौथ्या रविवारी रात्री ती घडी घातलेली प्रत काढून मी गोल मोजले. 23. त्यातले 19 वेलांटी-उकाराचे. 'आणी', 'तीचं', 'मूलगी', 'हळु'. मग सहज म्हणून ते पान मोठ्यानं वाचलं, आणि 19 च्या 19 चुका नाहीशा झाल्या.

नाहीशा होणारच. ऱ्हस्व-दीर्घ आपण कागदावर जितका पाळतो तितका जिभेवर पाळत नाही. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचा, असा नियम आहे आणि 'आणि' हा त्याला ठेवलेला अपवाद. म्हणजे ताई जे बोलतात तेच लिहीत होत्या. आपणही तेच बोलतो, फक्त लिहिताना आपल्याला शाळेतला फळा आठवतो. पान हातात दिलं की सरांच्या डोळ्यांना आधी वेलांट्या दिसणार. पस्तीस वर्षं त्यांनी पोटासाठी तेच केलं. कापडाच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातात साडी दिली तर तो आधी पोत चाचपतो, नक्षी नंतर बघतो. कागद आधी देणं ही माझी चूक होती. हिरवे गोल हा तिचा परिणाम.

सोपा नियम केला. पहिल्यांदा कुणाचंही लिखाण ऐकायचं, बघायचं नाही. लिहिणाऱ्यानं स्वतः वाचायचं, आणि ऐकणाऱ्यांनी सगळ्यांत आधी आपल्या लक्षात राहिलेला एक तुकडा जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. मत नाही, सूचना नाही. ज्याला काहीच परत म्हणता आलं नाही त्यानं 'मला आठवत नाही' म्हणायचं. झेरॉक्स तिसऱ्या खर्ड्यानंतर, आणि तीही मागितली तर. झेरॉक्सचे पैसे त्यामुळं वाचले, ते भडंगात गेले.

दिवाणजींचं पेव

नियमाची खरी परीक्षा दिवाणजींवर झाली.

दिवाणजी पाचव्या रविवारपर्यंत निसर्गकविताच आणत होते. 'हिरवी वनराई, पक्ष्यांची किलबिल' वगैरे. परत म्हणून दाखवायच्या फेरीत एकालाही एक ओळ आठवेना. ते काही बोलले नाहीत, पण चहाला उभं असताना कंडक्टर काकांना सांगत होते, "आमच्या मामाकडं हरिपूरला पेवं होती. पेव उघडलं की लगीच आत उतरायचं न्हाय. आदी तासन्‌तास उघडं ठिवायचं. मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील इझला, तर गडी उतरत न्हाय. जळत ऱ्हायला, तर उतरतो. मी ल्हान व्हतो, कंदील माझ्या हातात आसायचा."

चहा थांबला. हरिपूर म्हणजे सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथं हळद साठवायला जमिनीत पेवं असायची: वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत मोठं पोट. कोंडलेल्या हवेत माणसाला श्वास पुरत नाही, म्हणून तो कंदील. पुढं पुरांनी पुष्कळ पेवं निकामी केली, माल गोदामात आणि शीतगृहात जायला लागला. 'अमुक गोष्टीला पेव फुटलं' असं आपण वर्तमानपत्रात उठसूट लिहितो, पण आमच्या चौदा जणांत पेवाच्या तोंडाशी उभा राहिलेला हा एकच माणूस होता, आणि तो वनराईवर लिहीत होता.

मी म्हटलं, हेच लिहून आणा. पुढच्या रविवारी आणलं. "पेव उघडल्यानंतर त्वरित आत प्रवेश करू नये. सर्वप्रथम कंदील सोडण्यात यावा." मार्केट यार्डाच्या फलकावरची सूचनाच. मी विचारलं, कंदील तुमच्या हातात होता ना, मग 'सोडण्यात यावा' कसं? तर म्हणाले, "लिवायचं म्हंजी नीट लिवाय नको का?"

मग चारोळीवाल्या पोरानं एक काम केलं, ज्याचं श्रेय मला नाही. मोबाईल टेबलावर ठेवला, म्हणाला, "काका, परत सांगा, चहाला सांगितलं तसं." घरी जाऊन त्यानं ते शब्दन्‌शब्द उतरवलं. व्हतं ला व्हतं, इझला ला इझला. ते पान दिवाणजींना वाचायला दिलं. त्यांनी स्वतःचं बोलणं कागदावर आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ बघत राहिले, मग खिशातून पेन काढून दोन वाक्यं खोडली. "ही जादा झाली."

आता ज्याला आपण संपादन म्हणतो ते या माणसाला कुणी शिकवलं? तीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिल्या. नग, वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. पट्टीवर फालतू शब्दाला जागाच नसते. फक्त लिखाण म्हणजे पट्टीपेक्षा वेगळं काहीतरी नटवं असतं, अशी त्यांची समजूत होती, आणि ती समजूत त्यांना आम्हीच सगळ्यांनी मिळून दिलेली आहे, क्रमिक पुस्तकांपासून सत्कारांच्या भाषणांपर्यंत.

सरांचा मुद्दा

सर मात्र अडले. त्यांनी पुढच्या रविवारी लेखनविषयक नियमांची पुस्तिका आणली. मराठी साहित्य महामंडळाचे नियम, शासनानं 1962 ला मान्य केलेले, 1972 ला भर पडून 18 झालेले. त्यात स्पष्ट आहे: पात्रांच्या तोंडची वाक्यं सोडून बाकीचं लेखन 'करणे, फडके' असं एकारान्त असावं. पात्रांच्या तोंडी 'करणं, फडकं' आलं तर हरकत नाही. (हा मजकूर मी अनुस्वारान्तात लिहिते आहे. सर वाचतील तेव्हा वाचतील.) सरांचं म्हणणं, संवाद बोलीत असू द्या, आमची ना नाही. पण निवेदन प्रमाण मराठीत हवं. "नाहीतर उद्या मुलं पेपरात 'इझला' लिहितील."

सरांना जुनाट ठरवून मोकळं होणं सोपं होतं, आणि बी.एड.च्या मुलींनी ते सुरूही केलं होतं. पण त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता. सगळं बोलीत लिहिलं की दर तिसरा शब्द वाचकाच्या पायात येतो. ग्रामीण म्हणून जे छापलं जातं, त्यात कित्येकदा बोली फोडणीसारखी वरून घातलेली असते. मला उत्तर सुचेना. मी म्हटलं, परत एकदा ऐकू या.

दिवाणजींनी वाचलं. सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर परत म्हणायची पाळी सरांची. त्यांनी म्हटलं, "मी ल्हान व्हतो, कंदील माझ्या हातात आसायचा." पस्तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलेल्या माणसाच्या तोंडून ते 'व्हतो' इतकं साफ आलं, की हॉलमध्ये कुणी हललं नाही. (सरांचं मूळ गाव जतकडचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.) मग पुस्तिका मिटत म्हणाले, "यात निवेदक कुठंय? सगळं पात्राच्याच तोंडी आहे. नियम मोडतच नाही. सुरुवातीला आणि शेवटी अवतरणचिन्ह घाला, झालं."

दिवाणजींनी खरोखर घातली. त्यांच्या लेखाच्या छापील प्रतीत पहिल्या शब्दाआधी अवतरणचिन्ह उघडतं ते थेट तिसऱ्या पानावर मिटतं.

त्याच दिवशी चहाच्या वेळी मी सरांना अंगणवाडीच्या ताईंबद्दल सांगितलं. तोवर त्यांनाही सर्वेचं कामच वाटत होतं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "मी काही खोडलं नव्हतं. गोल केले होते नुसते." मग त्यांचा फोन नंबर मागितला. मी म्हटलं, विचारून देते. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नको मॅडम, मोठी माणसं ती, त्यांनी कशाला फोन करायचा." मी नंबर दिला नाही.

बाकीचं थोडक्यात

सरांकडून घेण्यासारखं जे होतं ते चारोळीवाल्यानं घेतलं. त्याच्या ओळी कानाला लंगड्या लागायच्या आणि का ते त्याला कळत नव्हतं. सरांनी टेबलावर बोटांनी लगागा लगागा लगागा लगागा वाजवून भुजंगप्रयात दाखवलं. मनाचे श्लोक त्याला पाठ होतेच, ते त्या ठेक्यावर म्हणून घेतले. पोरगं म्हणालं, "सर, हा तर बीट आहे." त्यानंतरचे दोन रविवार त्या दोघांनी बाकीच्यांना वैताग येईपर्यंत टेबल वाजवलं.

काकूंनी डायरीतलं एकही पान वाचलं नाही. शेवटपर्यंत ऐकायलाच बसल्या, आणि दुसऱ्याचे तुकडे परत म्हणण्यात त्यांचा हात कुणी धरू शकलं नाही. मी एकदाच आग्रह केला, परत नाही. आमच्या 300 रुपयांत त्यांना काय मिळालं, हे त्यांनाच ठाऊक. पण त्या एकही रविवार चुकल्या नाहीत.

14 पैकी शेवटाला 10 राहिले.

शेवटचा रविवार

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी खुलं वाचन ठेवलं. पन्नासेक माणसं आली, बरीचशी हळदपेठेतली, कारण दिवाणजींनी पेठेत सांगितलं होतं. दिवाणजी वाचत असताना मागून एक म्हातारे हमाल उठून उभे राहिले आणि म्हणाले, "दोराला कंदील बांधायच्या आदी दोर भिजवायचा, ते ऱ्हायलं." दिवाणजी वाचन थांबवून म्हणाले, "आमच्यात न्हवते भिजवत." दोघांचं तिथंच पाच मिनिटं चाललं. मी मध्ये पडणार होते, ग्रंथपाल मॅडमनी हात धरून खाली बसवलं.

सरांनी कविता वाचली नाही. पुराचं ते अर्धवट पान पुरं करून आणलं होतं. "49 फुटांवर मी माझ्या संग्रहाचे न विकलेले गठ्ठे मोजले. सहा भरले. 51 फुटांवर दोन माडीवर नेले. तिसरा उचलताना मुलगा म्हणाला, बाबा, आधी गॅसची टाकी." लोक हसले आणि मग हसायचं थांबले.

अंगणवाडीच्या ताई त्या दिवशी आल्या होत्या. जिन्याजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, हातात वही नाही. सरांनी त्यांना पाहिलं आणि चहाच्या टेबलापाशीच उभे राहिले, पुढं गेले नाहीत. मी गर्दीतून त्यांच्यापर्यंत पोचेतो ताई खाली उतरून गेल्या होत्या, शेवटची एसटी गाठायची होती म्हणे.

खाली ग्रंथपाल मॅडमपाशी थांबून त्यांनी पुढची कार्यशाळा कधी आहे ते विचारलं होतं. तारीख ठरली नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न विचारला होता, पुढच्या वेळी झेरॉक्स काढायच्या आहेत का.